डावी बाजू

"ये बैल नहीं है, डाक्टरनी जी, सांड है! बैल कहके दिया था आपके फारम ने."

गेंदालाल फाटकाबाहेरूनच ओरडत होता. त्याच्या हातातल्या कासऱ्याला बांधलेलं तांबडं जनावर मान खाली घालून मातीत शिंगं घासत होतं आणि मधूनच असं फुरफुरत होतं, की गोठ्यातल्या गाई वैरण सोडून तिकडे बघू लागल्या. काशिनाथ उमाटे पुढे झाला. त्यानं कासरा आपल्या हातात घेतला, जनावराच्या कपाळावर तळवा टेकवला आणि जिभेनं चक् चक् केलं. जनावर जरासं निवलं.

काशिनाथला काही विचारायची गरज नव्हती. जाड झालेली मान आणि खांद्यावर उभं राहिलेलं वशिंड त्यानं फाटकातूनच पाहिलं होतं. दीड वर्षापूर्वी हा गोऱ्हा त्यानंच खच्ची करून गेंदालालच्या हवाली केला होता.

हिंदी मुलखातल्या त्या कारखान्याच्या टाउनशिपला स्वतःची दूधशाळा होती. शेवटच्या क्वार्टरांच्या ओळीमागे, बाभळींच्या पलीकडे तिचे गोठे होते. इथलं दूध कारखान्याच्या दवाखान्यात आणि कँटीनमध्ये जायचं. कालवडी फार्मवरच राहायच्या. गोऱ्ह्यांचा फार्मला उपयोग नसे. ते दीडेक वर्षांचे झाले की खच्ची करून जवळच्या, कोलारकडच्या खेड्यांमधल्या शेतकऱ्यांना नांगरासाठी दिले जात. हे काम अठरा वर्षं काशिनाथच्या हातात होतं. तो हिंगणघाटकडचा. आधी नागपूरजवळच्या सरकारी फार्मवर होता, तिथून इथे आला आणि गोठ्याचा हेडमन झाला. फार्मवर जनावरांचे डॉक्टर येत-जात राहिले, पण खच्ची करायचा चिमटा काशिनाथचा, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं.

आताच्या डॉक्टर म्हणजे लीला खरे. नवरा कारखान्यात इंजिनियर, पुण्याहून बदलून आलेला. त्याच्याबरोबर त्याही आल्या आणि वर्षभरात फार्मवर रुजू झाल्या. बाई जनावरांची डॉक्टर म्हटल्यावर पहिले काही दिवस टाउनशिपमधल्या बायका फिरायला येण्याच्या निमित्तानं कुंपणापर्यंत यायच्या. नंतर त्यांचीही नवलाई ओसरली.

खरेबाईंनी तांबड्याला खोड्यात घ्यायला सांगितलं. लाकडी खोड्यात त्याला अडकवल्यावर त्या मागून वाकल्या, हातानं चाचपून पाहिलं आणि सरळ उभ्या राहिल्या.

"उजवी बाजू आक्रसलीय. डावी जशीच्या तशी आहे. शीर तुटलेलीच नाही."

"मतलब?" गेंदालालनं विचारलं.

"मतलब आधा काम हुआ है," बाई म्हणाल्या.

"आधे काम में मेरे बाप का कूल्हा टूट गया."

मग त्यानं सगळं सांगितलं. त्याचा म्हातारा बाप हल्केराम वखर घेऊन शेतात गेला होता. शेजाऱ्याची गाय बांधावरून गेली आणि हे जनावर जोडीदाराला ओढत, वखरासकट तिच्यामागे धावलं. म्हातारा मध्ये सापडला. आता तो टी. टी. नगरकडच्या दवाखान्यात पाय टांगून पडला होता.

"किसने किया था इसका काम?"

दत्तू, काशिनाथबरोबर गोठ्यात काम करणारा पन्नाशीचा माणूस, पायानं शेण सारखं करू लागला.

"मैंने," काशिनाथ म्हणाला.

गेंदालालनं त्याच्याकडे पाहिलं. शिवी द्यायला उघडलेलं त्याचं तोंड तसंच मिटलं. तांबड्याला तो फार्मवरच सोडून गेला.

फार्मचे मॅनेजर सक्सेना साहेब दुपारी स्वतः गोठ्यात आले. त्यांच्याकडे गेंदालालच्या गावचे सरपंच येऊन गेले होते.

"सोमवार को बैठेंगे," ते खरेबाईंना म्हणाले. "मुझे दो बातें बताइए. गलती किसकी, और आगे से तरीका कौनसा. औजार की गलती है तो औजार फेंकिए. आदमी की है तो आदमी को देखता हूं." मग त्यांनी आपल्या आधीच्या पोस्टिंगचं सांगितलं. तिथे रबराच्या रिंगा वापरत. वासरू जन्मलं की आठवड्याच्या आत रिंग चढवायची, की काम संपलं. कोणीही करू शकतं. दोन पाकिटं त्यांनी तिथून मागवलीसुद्धा होती.

काशिनाथ टाक्यात पाणी सोडत उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी खरेबाईंनी औषधांच्या खोलीत चिमटा टेबलावर ठेवला. लांब दांड्यांचा, जाड जबड्याचा, हातभर लांबीचा तो पोलादी चिमटा. काशिनाथ त्याला दर आठवड्याला तेल द्यायचा. त्याच्या दांड्यांचा मूळचा रंग जाऊन हाताच्या जागी नुसतं लोखंड चकाकत होतं.

बाईंनी जाड कागदाची घडी केली, मध्ये दोरा ठेवला आणि घडी जबड्यात धरून दांड्या मिटल्या. कट् असा आवाज झाला. घडी उघडली. आतल्या दोऱ्याचे दोन तुकडे झाले होते. कागद शाबूत होता.

"चिमटा उत्तम आहे," त्या म्हणाल्या.

काशिनाथनं कागदाची घडी उचलून पाहिली.

"दार लावा आणि बसा जरा."

तो स्टुलावर बसला.

"डोळे मिटा. डावा हात पुढे करा."

त्यानं हात पुढे केला. त्याच्या बोटांत बाईंनी काहीतरी ठेवलं.

"काय आहे?"

काशिनाथनं अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासली. बाहेर दत्तू घमेलं आपटत होता. कुठलीतरी गाय हंबरली.

"काडी," तो म्हणाला.

"आणि आता?"

त्यानं पुन्हा बोटं हलवली. या वेळी त्याला वस्तू आहे की नाही तेच कळेना.

"काहीच नाही ठेवलं तुमी."

"डोळे उघडा."

त्याच्या बोटांत गवताची काडी होती. आणि आधी ठेवलेला तारेचा तुकडा टेबलावर पडलेला होता.

खरेबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ त्या त्याच्या हाताकडे पाहत राहिल्या. हात थोराड होता, नखं कापलेली, अंगठ्याच्या बाजूला भाजल्याचा जुना डाग.

"किती दिवस?"

"दोन वर्षं झाली असतील बाई. आधी नुसत्या मुंग्या येत होत्या. मंग कवा थांबल्या ते कळलं नाही."

"मग काम कसं करत होतात?"

"नजरेनं. आन् सवयीनं." तो थांबला. "उजवा हात बरा आहे थोडा. उजवी बाजू कळते."

हे काम कसं असतं ते दोघांनाही ठाऊक होतं. वृषणांच्या वरच्या कातडीला धक्का न लावता आतली शीर चेचायची. ती बोटांखाली निसटते. तिला डाव्या हाताच्या चिमटीत कडेला धरून ठेवायची, तिथेच जबडा बसवायचा, मिटायचा. मग पुन्हा बोटांनी चाचपायचं. मधे पोकळी लागली तर शीर तुटली. न लागली तर निसटली. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही, कारण कातडी वरून अखंडच राहते. सगळं बोटांना कळायचं असतं.

"सांगितलं का नाहीत मला?"

"काय सांगू?" काशिनाथ म्हणाला. "गोठ्यात मी दुसरं करतो तरी काय? बाकी सगळं दत्तूपन करते."

खरेबाई उठल्या, खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी ठरवलेलं होतं.

"ऐका. सोमवारी मी साहेबांना सांगते, चिमटा जुना झालाय, जबडा झिजलाय. यापुढे रिंगा वापरू. तुमचं नाव कुठे येणार नाही. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलंय ना तुमचं? तुमच्या कांचनचं बोर्डाचं वर्ष आहे. आत्ता चौकशी लागली, क्वार्टर सोडायची वेळ आली, तर कुठे जाल?"

"चिमटा तं चांगला आहे ना बाई."

"ते तुम्हाला आणि मला माहीत आहे."

काशिनाथ उठला. त्यानं टेबलावरचा चिमटा पुसला आणि खुंटीवर टांगला. त्याला एकदम हलकं वाटत होतं. एवढं हलकं वाटल्याची त्याला लाजही वाटली, पण वाटलं हे खरं.

*

शनिवारी रिंगा आल्या. त्या आठवड्यात दोन गोऱ्हे जन्मले होते. एक पांढरा, एक कपाळावर टिक्का असलेला. बाईंनी धनुर्वाताची सुई दिली आणि पक्कडीनं रिंग ताणून दोघांनाही चढवली. एका मिनिटाचं काम. रक्त नाही, ओरडणं नाही. दत्तू म्हणाला, "इतकंच? हे तं माही बायकोपन करंन."

पहिली काही मिनिटं वासरं नुसती उभी होती. मग पांढऱ्यानं मागचा पाय उचलून स्वतःच्या पोटावर झाडला. पुन्हा झाडला. खाली बसलं, लगेच उठलं, मान वळवून आपल्याच मागच्या बाजूला पाहू लागलं. टिक्केवालं भिंतीला अंग घासत उभं राहिलं. दोघांना आपापल्या आईकडे सोडलं तर त्यांनी कासेला तोंड लावलं नाही.

काशिनाथ गव्हाणीच्या कठड्यावर बसून हे बघत होता.

त्याला त्याच्या बापाची आठवण झाली. बाप गावात खोंडं बडवायचा. लोक लांबून बोलवायला येत. खोंडाला पाडून चारी पाय आवळायचे, दोन लाकडांमध्ये धरायचं आणि मोगरीनं बडवत राहायचं, शीर मरेपर्यंत. काशिनाथ सहा-सात वर्षांचा होता. बाप काम करू लागला की तो कडब्याच्या गंजीमागे जाऊन कानांत बोटं घालून बसायचा. खोंडाचं ओरडणं बोटांतूनही ऐकू यायचं. बाप क्रूर नव्हता. संध्याकाळी त्याच खोंडाला तो हळद-तेल लावायचा, त्याच्यापाशी बसून राहायचा. त्याला दुसरी रीत ठाऊक नव्हती, एवढंच.

पुढे नागपूरच्या फार्मवर काशिनाथनं पहिल्यांदा चिमटा पाहिला. डॉक्टरनं दोन बाजूंना दोनदा मिटला, गोऱ्ह्याला सोडलं. गोऱ्हा पाय फाकून चार पावलं चालला आणि वैरणीला लागला. सूज आली, दुखलं असणारच, पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खात होता. काशिनाथचा विश्वास बसेना. तो त्या डॉक्टरच्या मागेच लागला, मला शिकवा म्हणून. गावी गेल्यावर त्यानं बापाला चिमट्याचं सांगितलं. बापानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओरडत नाही?" काशिनाथ म्हणाला, "एकदा ओरडते." बाप म्हणाला, "एकदाच?" आणि उठून गेला.

संध्याकाळी धारा काढायच्या वेळी खरेबाई गोठ्यात आल्या. पांढरं वासरू आडवं पडलं होतं, मान जमिनीवर टाकून.

"पहिले काही तास असं होतंच," बाई म्हणाल्या. पण त्या काशिनाथकडे न बघता म्हणाल्या.

"मंग?"

"मग बधिर होतं. पुढे तीन-चार आठवडे सुकत जातं आणि गळून पडतं. त्या काळात पुन्हा दुखतं. जखम चिघळू शकते."

"आन् मान? इतक्या लहानपणी केलं तं मान भरत नाही बाई. जू सरकते."

"माहीत आहे मला, काशिनाथराव," खरेबाई जरा तोडूनच म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सगळं माहीत आहे. तुम्ही घरी जा आता."

*

घरी बायकोनं, कुसुमनं, चहा दिला. काशिनाथनं उकळत्या चहाचा पेला सरळ बोटांनी धरला. कुसुमनं तो काढून घेतला, बशीत ओतला आणि बशी त्याच्यापुढे ठेवली. हे ती बरेच दिवस करत होती. त्यावर दोघं कधी बोलले नव्हते.

"डॉक्टरबाईले समजलं," काशिनाथ म्हणाला.

कुसुम खाली बसली. त्यानं सगळं सांगितलं. काडीचं, तारेचं, सोमवारी बाई काय बोलणार आहेत तेही.

"देवमाणूस आहे बाई," कुसुम म्हणाली.

"हो."

"मंग तोंड असं काऊन केलं?"

काशिनाथनं बशीतला चहा प्यायला. आतल्या खोलीत कांचन मोठ्यानं पाठ करत होती, कसलीतरी सनावळी, हिंदीतून. "उद्या दवाखान्यात जाऊन येतो," तो म्हणाला.

"हात दाखवाले?"

"नाही. त्या म्हाताऱ्याले भेटाले."

*

हल्केराम जनरल वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर होता. पायाला वजन लावून तो टांगलेला. गेंदालाल बाहेर बिडी ओढायला गेला होता. काशिनाथनं केळी उशाशी ठेवली आणि आपण कोण ते सांगितलं.

म्हाताऱ्यानं त्याला नीट न्याहाळलं. "चिमटेवाले?"

"हां बाबा."

"बैठो."

काशिनाथ खाटेच्या कडेला बसला. म्हातारा बोलायला मिळाल्यानं खूश दिसला. त्यानं पावसाचं विचारलं, गव्हाचं विचारलं. मग म्हणाला, "लाल कहां है?"

"फारम पे."

"खाता है?"

"हां. खाता है."

"उसे मारना मत. गेंदा गुस्से में है, कसाई को देने की बोलता है. जनावर का क्या दोस? तुमने उसे बीच में लटका दिया भैया. न सांड रहा बिचारा, न बैल हुआ. गाय देखी तो क्या करता? जुआ भी कंधे पे, और..." म्हातारा हसू लागला आणि हसताना कमरेत कळ आली म्हणून थांबला. "एक बात बताओ. औजार खराब था क्या?"

काशिनाथपुढे बाईंनी दिलेलं वाक्य तयार होतं. हो म्हटलं असतं तर म्हाताऱ्याचं समाधान झालं असतं. सोमवारची रंगीत तालीमही झाली असती.

"नहीं बाबा," तो म्हणाला. "हाथ खराब था. मेरी उंगलियों में जान नहीं रही."

हल्केरामनं हात पुढे करून त्याचा पंजा धरला, उलटा-सुलटा करून पाहिला. बोटं दाबली.

"पता नहीं चलता?"

"नहीं."

"मेरी एक आंख ऐसे ही गई," म्हातारा म्हणाला. "साल भर किसी को बोला नहीं. गेंदा की मां को भी नहीं." मग त्यानं केळ्यांकडे बोट केलं. "एक छील दो. मुझसे लेटे-लेटे नहीं छिलता."

काशिनाथनं केळ सोललं. ते सोलताना तो बोटांकडे बघत होता.

*

सोमवारी सक्सेना साहेबांच्या खोलीत तिघंच होते. काशिनाथ दाराजवळ उभा राहिला. खरेबाईंनी घसा साफ केला.

"सर, जो बर्डिझो चिमटा हम इस्तेमाल कर रहे हैं, वह काफी पुराना है. जबड़ा घिस चुका है, इसलिए..."

"औजार ठीक है, साहब," काशिनाथ म्हणाला.

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. काशिनाथनं नजर साहेबांवरच ठेवली. बाईंकडे पाहिलं असतं तर बोलणं जमलं नसतं.

"मैडम मेरे वास्ते बोल रही हैं. औजार नए जैसा है. हाथ गया है मेरा. उंगलियों को समझता नहीं. दो साल हो गए."

सक्सेना साहेबांनी चष्मा काढला. "दो साल? और बोले नहीं?"

"नहीं बोला."

"दो साल में कितने जानवर दिए होंगे तुमने! सब ऐसे ही निकले तो?"

"सब देखने पड़ेंगे, साहब. मैं गांव-गांव साथ जाऊंगा."

साहेब खरेबाईंकडे वळले. "आपको मालूम था?"

"शुक्रवारी..." बाईंच्या तोंडून मराठीच आलं, मग त्या म्हणाल्या, "जी. मालूम था."

खोलीत पंखा फिरत होता. साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला. "ठीक है. यह तो एक बात हुई. तरीका तो फिर भी बदलना ही है. रिंग लगाइए और झगड़ा खतम कीजिए."

"रिंग मत लगवाइए साहब," काशिनाथ म्हणाला.

"यह तुम तय नहीं करोगे."

"नहीं साहब. मैडम करेंगी. पर मेरा नाम बीच में से निकाल दीजिए, फिर उनसे पूछिए."

साहेब त्याच्याकडे पाहत राहिले. शेवटी ते बाईंना म्हणाले, "बताइए."

खरेबाई बोलू लागल्या तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. गोठ्यात जनावर तपासताना असायचा तसा. सुरीनं उघडून केलं तर काम खात्रीचं, त्या म्हणाल्या, पण जखम उघडी राहते, माशा बसतात आणि गावात रोज मलमपट्टी कोण करणार. रिंग फार्मला सोपी, वासराला नाही. शनिवारपासून दोन वासरं धड प्यालेली नाहीत. शिवाय शेतकऱ्याला नांगराचा बैल हवा, त्याची मान भरायला वेळ द्यावा लागतो. म्हणून चिमटाच. दीड वर्षाला. आधी बधिर करायचं इंजेक्शन द्यायचं, आणि महिन्याभरानं प्रत्येक गोऱ्हा पुन्हा तपासायचा, त्याशिवाय फार्मबाहेर सोडायचा नाही.

"और हाथ किसका?"

"मेरा," बाई म्हणाल्या.

काशिनाथची वेतनवाढ थांबली आणि त्याला गोठ्यातून काढून टाउनशिपच्या उद्यान विभागात पाठवलं. क्वार्टर राहिलं. साहेबांनी याहून कडक काही करायचं ठरवलं असतं तर करू शकले असते. त्यांनी केलं नाही. कारखान्याच्या डॉक्टरनं हात तपासला, साखर निघाली. औषधं सुरू झाली. पण गेलेलं परत येईलच असं नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. पांढऱ्या आणि टिक्केवाल्या वासराच्या रिंगा मात्र काढता आल्या नाहीत. वेळ गेली होती. टिक्केवाल्याची जखम चिघळली, बाई रोज ती धूत होत्या. दोन्ही जगली.

*

तांबड्याचं उरलेलं काम पुढच्या रविवारी ठरलं. काशिनाथला बोलावलं नव्हतं. पण त्याची सुट्टी होती आणि तो गेला.

दत्तू आणि गेंदालाल तांबड्याला दोरांनी पाडायच्या खटपटीत होते. तीन वर्षांचं जनावर, सहज हार मानणारं नव्हतं. काशिनाथनं मुंडक्याकडची बाजू घेतली. शिंगाला एक हात, जबड्याखाली दुसरा, आणि मानेवर गुडघा टेकवून तो बसला. त्याच्यात अजून ताकद होती. ताकद गेलेली नव्हती.

खरेबाईंनी इंजेक्शन दिलं, थोडं थांबल्या. मग चिमटा उघडला. डाव्या हातानं त्या चाचपू लागल्या. घाम त्यांच्या भुवईवरून ओघळत होता. एकदा धरलं, निसटलं. पुन्हा धरलं. जबडा बसवला, एक दांडी मांडीला टेकवून दुसरी सगळ्या अंगाच्या जोरानं मिटली. तांबडा एकदाच ओरडला. काशिनाथनं त्याचं तोंड आपल्या छातीशी दाबून धरलं.

बाईंनी चिमटा काढला, तिथेच बोटं फिरवली. त्यांचा चेहरा अजून मोकळा झाला नव्हता.

"काशिनाथराव, बघता का एकदा?"

गेंदालाल आणि दत्तू दोघांनीही काशिनाथकडे पाहिलं.

"मी बघून काय सांगू बाई?" काशिनाथ मुंडक्याकडूनच म्हणाला. "तुमीच बघा. घाई करू नका."

बाईंनी डोळे मिटले आणि पुन्हा चाचपलं. या वेळी त्यांनी बराच वेळ घेतला.

"पोकळी आहे," त्या म्हणाल्या.

"मंग झालं."

दोर सोडल्यावर तांबडा उठला, अंग झाडलं आणि पाय फाकवून सावलीकडे गेला. गेंदालालनं डोक्याचा गमछा काढून काशिनाथला तोंड पुसायला दिला. तांबड्याची लाळ त्याच्या शर्टभर झाली होती. महिन्याभरानं बाईंनी जनावर पुन्हा तपासलं आणि गेंदालाल त्याला घेऊन गेला. त्याचा बाप काठी धरून चालू लागला होता.

हिवाळाभर रविवारी काशिनाथ बाईंबरोबर जीपमधून खेडी फिरला. त्यानं दिलेले गोऱ्हे एकेक करून शोधले. आणखी चार अर्धवट निघाले. प्रत्येक ठिकाणी तो आधी उतरायचा आणि आपलं नाव सांगायचा.

बाकीचे दिवस तो चौकातल्या गुलाबांना पाणी घाली. गुलाब त्याला आवडले नाहीत. त्यांच्याशी बोलता येत नाही, असं तो कुसुमला म्हणाला. काटा लागलेला कळायचा नाही, घरी आल्यावर कुसुम रक्त पुसायची.

कांचनची परीक्षा संपली त्या आठवड्यात दोघं नवरा-बायको बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात गेले होते. पिशव्या भरल्या होत्या. कुसुम एका ठेल्यावर वांगी निवडत होती. बाजाराच्या कडेला खेड्यातून आलेली एक गाडी सोडून ठेवली होती. तिचे दोन्ही बैल चाकाला बांधलेले, कडबा खात होते. धनी कुठे दिसत नव्हता. काशिनाथनं पिशव्या खाली ठेवल्या आणि तो जवळच्या बैलापाशी गेला.

थोडा वेळ तो नुसता उभा राहिला. मग त्यानं डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि मनगटाच्या आतली, पांढरी मऊ बाजू बैलाच्या मानेवर टेकवली, जू बसून घट्टा पडतो त्या जागेच्या जरासं खाली. हात तसाच ठेवून तो उभा राहिला. माणसं येत-जात होती. कुसुमनं लांबून एकदा हाक मारली, मग त्याला पाहून पुन्हा मारली नाही.

मानेवर माशी बसली तसं बैलानं कातडं थरथरवलं.

ते काशिनाथला कळलं.